उदयनगरच्या सिस्टर राणी मारिया

मंडळी, पेरणी तोंडावर आली आणि कणगीत बियाणे नाही, अशा वेळी कुणाच्या दारात उभे राहावे लागते हे तुम्हाला सांगायला नको. एक पायली उचलायची आणि खळ्यावर सव्वा किंवा दीड पायली मोजून द्यायची. सवाई आणि दिढी हे शब्द आपल्या आजा-पणजांनी पुस्तकात वाचले नव्हते, ते अंगावर सोसले होते. सावकारीच्या अशा फासातून आदिवासी शेतकऱ्यांना सोडवायला निघालेल्या एका बाईंची ही हकिकत आहे. त्या पुढारी नव्हत्या, सरकारी अधिकारीही नव्हत्या. त्या कॅथलिक धर्मभगिनी होत्या आणि त्या कामापायी १९९५ साली त्यांचा जीव गेला. पण त्यांच्या जाण्याने हकिकत संपत नाही. पुढे जे घडले ते अधिक विलक्षण आहे.

त्यांचे नाव सिस्टर राणी मारिया. जन्म २९ जानेवारी १९५४ चा, केरळात एर्नाकुलम जिल्ह्यातल्या पुल्लुवळी गावचा. वडील पैली आणि आई एलिश्वा. आडनाव वट्टालिल. घर शेतकऱ्याचे, भावंडे सात. घरात सकाळ-संध्याकाळ प्रार्थना, आणि मधल्या वेळात शेतीभातीची नि घरची कामे. मुलीचे नाव मरियम. शाळा संपल्यावर १९७२ साली तिने घरी सांगितले की मला मठात जायचे आहे. केरळातल्या ख्रिस्ती शेतकऱ्यांच्या घरात ही गोष्ट काही अघटित नाही. आपल्याकडे वसईच्या केळी-भाजीपाला पिकवणाऱ्या ख्रिस्ती घरांतूनही अशा मुली कितीतरी वर्षे मठात जात आल्या आहेत. लेक सासरी पाठवताना आईबापांचे डोळे भरतात तसे याही वेळी भरतात, एवढाच काय तो सारखेपणा. मठात जाणाऱ्या मुलीला माहेरपणाला येणे फारसे जमत नाही.

मठात तीन व्रते घ्यावी लागतात. लग्न न करण्याचे, स्वतःच्या मालकीचे काही न ठेवण्याचे आणि आज्ञा पाळण्याचे. मरियमने १ मे १९७४ रोजी पहिली व्रते घेतली आणि ती सिस्टर राणी मारिया झाली.

ज्या संघात त्या गेल्या त्याचे नाव फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संघ. हा संघ केरळात १८८८ साली सुरू झाला, पण त्याचे मूळ फार लांब, इटलीतल्या असिसी गावात आहे. तिथे आठशे वर्षांपूर्वी संत फ्रान्सिस आणि संत क्लेअर होऊन गेले. क्लेअर ही मोठ्या घराण्यातली मुलगी. १२१२ साली ती घर सोडून फ्रान्सिसच्या वाटेने निघाली. त्या काळी युरोपातल्या मठांना जमिनी असत, कुळे असत, खंड येई, आणि त्यावर मठ चाले. क्लेअरने हट्ट धरला की आमच्या मठाच्या नावावर वावभर जमीन असणार नाही. पोपमहाशयांनाही हे पटेना. बायांनी खावे काय, हा त्यांचा प्रश्न. क्लेअर चाळीस वर्षे आपल्या म्हणण्याला चिकटून राहिली, आणि १२५३ साली तिचा शेवट अगदी दोन दिवसांवर आला तेव्हा कुठे तिच्या नियमावलीवर पोपची मोहोर उठली. जमिनीच्या तुकड्यासाठी भावाभावांत कोर्टकचेरी होते हे आपण रोज पाहतो. जमीन नको म्हणून चाळीस वर्षे भांडणारी ही एकच ऐकली!

याच क्लॅरिस्ट संघात संत अल्फोन्सा होऊन गेल्या. त्या १९१० ते १९४६ या काळातल्या. लहानपणी मावशीने लग्न ठरवू नये म्हणून त्यांनी जळत्या तुसाच्या खड्ड्यात पाय घातला होता. पुढे मठात आल्या आणि बरीच वर्षे अंथरुणाला खिळून राहिल्या. २००८ साली त्यांना संतपद मिळाले, ते मिळालेल्या त्या पहिल्या भारतीय स्त्री. अल्फोन्साबाईंचे सगळे आयुष्य चार भिंतींच्या आत, दुखणे सोसण्यात गेले. राणी मारिया त्याच संघाच्या, पण त्यांच्या नशिबी पायपीट होती.

केरळातून विंध्याच्या पायथ्याशी

१९७५ च्या नाताळाच्या आदल्या दिवशी राणी मारिया उत्तर प्रदेशातल्या बिजनोरला पोचल्या. मातृभाषा मल्याळम, भोवती सगळी हिंदी. तिथे त्यांनी आधी शाळेत शिकवले आणि नंतर खेड्यांतल्या कामाला लागल्या. १९८३ मध्ये त्यांची बदली मध्य प्रदेशात, सतना भागातल्या ओडगडी या ठिकाणी झाली. तिथे त्या नऊ वर्षे होत्या. या काळात त्यांनी रेवा विद्यापीठातून समाजशास्त्राची एम.ए. पदवीही घेतली. मे १९९२ मध्ये त्या उदयनगरला आल्या.

उदयनगर हे देवास जिल्ह्यातले लहानसे गाव. देवास आणि इंदूर म्हटले की आपल्याला पवार आणि होळकर आठवतात, आणि त्या शहरांत आजही मराठी घरे आहेत. पण उदयनगरचा भाग डोंगर-जंगलाचा. खाली नर्मदेचे खोरे, भोवती आदिवासींच्या वस्त्या. पावसावरची शेती, हलकी जमीन, आणि उन्हाळ्यात मजुरीसाठी भटकंती. सातपुड्याच्या अलीकडे आपल्या धुळे-नंदुरबारच्या डोंगरांत जे दिसते तेच थोड्याफार फरकाने तिथे होते.

राणी मारियांना तिथे काय आढळले? आदिवासी राबतो, आणि धान्य दुसऱ्याच्या घरी जाते. पेरणीला बी हवे, आजारपण आले, लग्न निघाले की तो गावातल्या बड्या जमीनदाराकडे जातो. कागदावर अंगठा उठवतो. कागदावर काय लिहिले आहे हे वाचता येत नाही. फेड किती झाली आणि बाकी किती राहिली हे सावकार सांगेल तेच खरे.

आता हा हिशेब जरा मांडून पाहा. दिढीने एक क्विंटल धान्य घेतले आणि त्या वर्षी फेड झाली नाही, तर दीड क्विंटल अंगावर बसते. दुसऱ्या वर्षीही पीक बुडाले, तर सव्वादोन क्विंटल. तिसऱ्या वर्षाअखेर तीन क्विंटल साडेसदतीस किलो. शंभर किलोंचे तीन वर्षांत सव्वातीनशेच्या वर! वाचता-लिहिता येणाऱ्या माणसाचीही यातून सुटका कठीण. मग अंगठेबहाद्दराची काय कथा? त्याची जमीन जाते, नाहीतर तो स्वतः आणि त्याची पोरे सालोसाल दुसऱ्याच्या शेतात राबतात.

राणी मारियांनी भाषणे झोडली नाहीत. त्यांनी लोकांना घेऊन बँकेचा रस्ता धरला. बँकांचे राष्ट्रीयीकरण १९६९ मध्ये झाले होते, आणि २ ऑक्टोबर १९८० पासून एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम देशातल्या सगळ्या विकास गटांत लागू झाला होता. त्यात गाय-म्हैस, बैलजोडी, विहीर अशा गोष्टींसाठी गरीब कुटुंबांना बँकेचे कर्ज आणि त्यावर सरकारी अनुदान मिळे. लहान शेतकऱ्याला चौथा हिस्सा, अल्पभूधारक आणि शेतमजुराला तिसरा हिस्सा, आणि आदिवासी कुटुंबाला तर निम्मी रक्कम अनुदान. म्हणजे योजना होती आणि पैसाही होता. नव्हता तो तिथपर्यंत पोचण्याचा मार्ग. अर्ज कुठे मिळतो, सातबाऱ्यासारखा कागद कुणाकडून काढायचा, साहेबापुढे काय बोलायचे, हे कुणी सांगणारे नव्हते. जे सांगू शकत होते, त्यांचा धंदाच ते न सांगण्यावर चालला होता.

त्या वस्तीवस्तीवर जात. बायकांना, पुरुषांना एकत्र बसवत. सही करायला शिकवत. योजना समजावून देत आणि अर्ज भरून घेत. महिन्याला थोडे थोडे पैसे बाजूला टाकून गट करण्याचा मार्ग त्यांनी दाखवला. आज आपल्या गावोगाव बचत गट आहेत, त्यामुळे यात तुम्हाला नवल वाटणार नाही. पण नाबार्डने बचत गट बँकेला जोडण्याचा पहिला प्रयोग केला तोच मुळी १९९२ साली, म्हणजे राणी मारिया उदयनगरला आल्या त्याच वर्षी. शिवाय १९९४ मध्ये मध्य प्रदेशात नव्या कायद्याप्रमाणे पंचायतीच्या निवडणुका झाल्या. गावचा कारभार आपणही करू शकतो, ही गोष्ट त्यांनी आदिवासींच्या मनावर बिंबवली.

तुम्ही विचाराल, यात धर्म कुठे आला? हा प्रश्न पुढे रोममध्येही विचारला गेला, त्याकडे येऊच. राणी मारियांच्या दृष्टीने पहाटेची प्रार्थना आणि दिवसाची बँकेतली खेप ही दोन कामे नव्हती. आपल्या वारकऱ्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. सावतामाळ्याला मळ्यातच विठ्ठल भेटला होता.

बसमधली सकाळ

ज्याच्या अंगणात दरवर्षी धान्याच्या राशी आपोआप येऊन पडत होत्या, त्याच्या अंगणात त्या येईनाशा झाल्या की काय होते? राणी मारियांना आधी समजावण्यात आले, मग धमकावण्यात आले. बाई लोकांना बाटवते आहे, अशी आवई उठली. त्यांनी काम थांबवले नाही.

२५ फेब्रुवारी १९९५, शनिवार. इंदूरमार्गे पुढे भोपाळला आणि मग केरळात घरी जाण्यासाठी त्या सकाळी उदयनगरहून बसमध्ये बसल्या. बसमध्ये त्याच भागातल्या खेड्यातला एक तरुण चढला होता, सोबत त्याचे साथीदार होते. तो त्यांना टाकून बोलू लागला, आणि वाटेत जंगलाच्या चढावर त्याने सुरा काढला. बस प्रवाशांनी भरलेली होती. त्याने त्यांना बसमध्ये भोसकले, खाली ओढले आणि रस्त्यावर पुन्हा भोसकले. कुणी पुढे झाले नाही. राणी मारियांच्या तोंडून येशूचे नाव येत राहिले, असे बसमधल्यांनी सांगितले. अंगावर ५४ जखमा मोजल्या गेल्या. वय ४१ वर्षांचे. त्या प्रवाशांना दोष देणे सोपे आहे. पण भल्या सकाळी बसमध्ये कुणी सुरा काढला तर आपल्यापैकी किती जण उठतील, हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे.

त्यांना केरळात नेले नाही. उदयनगरलाच त्यांचे दफन झाले, आणि डोंगरातून माणसे लोटली.

तो तरुण पकडला गेला. त्याला जन्मठेप झाली. गावातल्या बड्यांनी आपल्याला चिथावले, बाई धर्म बुडवायला आली आहे असे सांगून आपले डोके भडकावले, असे त्यानेच पुढे उघडपणे सांगितले. तो काही मोठ्या घरचा नव्हता, शेतीवर जगणाऱ्यांतलाच एक होता. दुसऱ्याच्या हातून काटा काढायची रीत जुनीच आहे. हात पोळतो तो वापरल्या गेलेल्याचा.

तुरुंगातली राखी

राणी मारियांची धाकटी बहीण सेल्मी पॉल. तीही त्याच संघाची धर्मभगिनी. आईच्या पोटच्या दोन मुली एकाच वाटेने गेलेल्या, त्यातली एक अशी मारली गेली. बहिणीच्या मनात काय उठले असेल? संतापाचे काहूर उठले असेल तर त्यात अस्वाभाविक काही नाही. आपल्याकडे बांधाच्या वादात एक काठी डोक्यात बसली तर दोन घराण्यांचे तीन पिढ्यांचे पाणी तुटते. लग्नकार्यात जाणे बंद, विहिरीवर बोलणे बंद.

मध्ये स्वामी सदानंद नावाचे एक ख्रिस्ती धर्मगुरू होते. संन्याशाच्या वेषात राहणारे, खेड्यापाड्यांत काम करणारे. ते तुरुंगात त्या तरुणाला भेटू लागले. सुरुवातीला तो सूडाच्या गोष्टी बोले. ज्यांनी मला यात ढकलले आणि नंतर वाऱ्यावर सोडले, त्यांना बाहेर आल्यावर पाहून घेईन, हे त्याच्या मनात होते. स्वामीजी येत राहिले. हळूहळू राग उतरला, आणि आपण काय केले हे त्याला दिसू लागले.

२००२ साली राखीपौर्णिमेच्या सुमारास सेल्मी पॉल इंदूरच्या तुरुंगात गेल्या. हातात राखी होती. ज्याने बहिणीला मारले त्याच्या मनगटावर त्यांनी ती बांधली आणि त्याला भाऊ मानले. तो रडला.

माफ केले, हा शब्द बोलायला सोपा आहे. लांबून, टपालाने, सभेतसुद्धा माफ करता येते. राखी तशी बांधता येत नाही. तिच्यासाठी जवळ जावे लागते, समोरच्याचा हात हातात घ्यावा लागतो, आणि बांधल्यावर नाते लागते. केरळातल्या ख्रिस्ती घरात राखीचा सण कुठला? पण सेल्मीबाईंनी त्या मुलखातली रीत उचलली. त्या तरुणाला कळेल अशा भाषेत त्या बोलल्या.

पुढे आई एलिश्वाही तुरुंगात आल्या. त्यांनी त्याचे हात आपल्या हातात घेतले आणि त्या हातांचे चुंबन घेतले. लेकीचे रक्त ज्या हातांना लागले होते तेच ते हात. आम्हाला विचाराल तर सगळ्या हकिकतीत इथे थबकायला होते. बहीण धर्मभगिनी होती, क्षमेचे पाठ तिने मठात गिरवले होते. ही आई मात्र खेड्यातली शेतकरीण होती. तिच्यापाशी मठाची शिकवण नव्हती. घरातली सकाळ-संध्याकाळची प्रार्थना तेवढी होती.

मग घरच्यांनी त्याची शिक्षा माफ व्हावी म्हणून सरकारदरबारी अर्ज केला. २००६ मध्ये, अकरा वर्षे तुरुंगात काढून तो सुटला. दुसऱ्या वर्षी तो केरळात पुल्लुवळीला गेला. त्या घरच्या माणसांनी त्याला घरात घेतले. इकडे उदयनगरला तो राणी मारियांच्या कबरीवर जाऊ लागला, आणि गावी राहून शेती करू लागला. या हकिकतीवर परदेशी लोकांनी चित्रपटही काढला.

आता तो रोममधला प्रश्न. कॅथलिक चर्चमध्ये कुणालाही संत म्हणून टाकता येत नाही, त्याची मोठी चौकशी असते. साक्षी, कागदपत्रे, उलटतपासणी. साधारणपणे संतपदाच्या आधीची पायरी ‘धन्यवादित’ ही असते, आणि तिथे पोचायला एक चमत्कार सिद्ध व्हावा लागतो. मात्र जो धर्मासाठी हुतात्मा झाला, त्याला या पायरीसाठी चमत्कार लागत नाही. तेव्हा प्रश्न असा आला की ही बाई धर्मासाठी मेली, की कर्जाच्या आणि जमिनीच्या भांडणात मेली? मारणाऱ्यांचा राग तर धान्यासाठी होता. आपल्या वसईचे गोन्सालो गार्सिया १५९७ मध्ये जपानात नागासाकीला क्रुसावर मारले गेले, तेव्हा असा संशय घ्यायला जागा नव्हती. तिथे धर्मच बंद करायचा होता. इथे कारणे एकमेकांत गुंतलेली. निकाल असा लागला की राणी मारिया गरिबांमध्ये गेल्या त्या श्रद्धेपोटी, आणि त्या श्रद्धेने करायला लावलेल्या कामापायीच मारल्या गेल्या, म्हणून त्या हुतात्माच. मार्च २०१७ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी त्यास मान्यता दिली. या निकालात शेतकऱ्यांच्या दृष्टीने मोठी गोष्ट आहे. आदिवासीचा कर्जाचा अर्ज भरून देणे हेही धर्माचेच काम, अशी त्यावर मोहोर उठली.

संत म्हणून घोषणा व्हायला एक चमत्कार सिद्ध व्हावा लागतो. उदयनगरचे लोक त्यासाठी थांबलेले नाहीत. राणी मारियांच्या अस्थी २०१६ मध्ये कबरीतून काढून तिथल्या चर्चमध्ये ठेवल्या आहेत, आणि २५ फेब्रुवारीला तिथे माणसे जमतात.

धन्यवादित म्हणून घोषणा ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरला झाली. रोमहून कार्डिनल आंजेलो अमातो आले होते. देशभरातून हजारो लोक आले, केरळातून माणसे आली, आणि डोंगरातले आदिवासी आले. सेल्मी पॉल होत्या. आणि त्याच गर्दीत, आता तरुण न राहिलेला तो त्यांचा भाऊही होता.